कॉम्प्युटरचा वर्ग आणि हरभऱ्यातली मेंढी

प्रिय ईरा आणि विहान,

मागे एकदा व्हिडिओ कॉलवर विहानने मला विचारलं होतं, "आजी, रिटायर झाल्यावर तू नक्की काय शिकवायचीस?" मी म्हटलं, "कॉम्प्युटर." त्यावर तुम्ही दोघं इतके हसलात की तुमची आई स्वयंपाकघरातून धावत आली. हसण्यासारखंच होतं. त्याच कॉलमध्ये बराच वेळ मी तुम्हाला माझ्या चेहऱ्याऐवजी छताचा पंखा दाखवला होता.

तेव्हाचं उत्तर अर्धं राहिलं, ते आता पूर्ण करते. आताच का, तर वर्गाच्या खोलीची किल्ली मी या पावसाळ्यात रेणुकाच्या हातात दिली. एसटीची पायरी माझ्या गुडघ्यांना आता उंच वाटते. काम सुटलं की माणूस त्याच्या आठवणी सजवायला लागतो. मी स्वतःला ओळखून आहे. अजून थोडे दिवस गेले तर हीच गोष्ट मी घडली त्यापेक्षा चांगली सांगेन. म्हणून दिवाळी अंकाच्या संपादकांनी "तुमच्या कामाबद्दल लिहा" म्हटल्याबरोबर टेबल आवरून बसले.

तुमचा बाबा म्हणाला, "इंग्रजीत लिही, मुलांना सोपं जाईल." जन्मभर इंग्रजी शिकवली, तेव्हा मला ते अवघड नव्हतं. पण या गोष्टीतली माणसं इंग्रजी बोलायला लागली तर मलाच ती ओळखू येणार नाहीत. तेव्हा मराठीतच वाचा. अडेल तिथे बाबाला विचारा. त्यालाही अडलं तर मला फोन करा. त्या निमित्ताने तरी तो फोन करेल.

मी परभणीला मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवत होते हे तुम्हाला माहीत आहे. मी निवृत्त होण्याच्या सुमारास शाळेत नवे कॉम्प्युटर आले आणि जुने व्हरांड्यात धूळ खात पडले. ते मी मागून घेतले. वालूरच्या पुढे एक लहान गाव आहे. तिथे माझी जुनी विद्यार्थिनी सुमन सासरी नांदते. त्या गावच्या मुलींना दहावीनंतर पुढे काही नव्हतं, आणि कॉम्प्युटर त्यांनी बँकेच्या काउंटरपलीकडून पाहिला होता, तोही मागच्या बाजूने. सुमनने खटपट करून गावच्या सहकारी सोसायटीची एक रिकामी खोली मिळवून दिली. पूर्वी तिथे खताची पोती ठेवत. युरियाचा वास भिंतीत इतका मुरला होता की वर्गातून घरी गेलेल्या मुलीला आई विचारायची, "शाळेतून आलीस का रानातून?" मॉनिटरच्या खोळी आम्ही बियाण्याच्या रिकाम्या पिशव्यांच्या शिवल्या. वर्ग झाकून ठेवला की कापसाच्या वाणांचं प्रदर्शन भरल्यासारखं दिसायचं.

या कामात काय शिकवावं लागतं असं मला पुष्कळ जण विचारतात. लोकांना वाटतं, कुठलं बटण कशासाठी ते शिकवायचं. ते तर आठवड्यात येतं. अवघड असतं ते बटणाला हात लावायला शिकवणं. या मुली घरातलं सगळं सांभाळतात, पण महागाच्या वस्तूला हात लावू नकोस हे लहानपणापासून ऐकलेलं असतं. त्या माउस असा धरायच्या की जणू तव्यावरची भाकरी चिमटीने उलटायची आहे. म्हणून पहिल्या दिवशी मी एकच काम द्यायचे: आज सगळ्यांनी चुकायचं. जिला जास्त चुका करता येतील ती हुशार. एका मुलीने सगळी अक्षरं स्क्रीनवर उलटी करून दाखवली. ती सरळ कशी करायची हे मला येत नव्हतं. दुपारभर आम्ही मान वाकडी करून वर्ग केला.

दुसरी अडचण विजेची. रानाची वीज आणि गावाची वीज यांचे पाळीचे तास वेगळे आणि बदलते. त्यामुळे वर्गाला वेळ अशी नव्हती. गावात "लाईट आली!" अशी आरोळी उठली की तीच आमची घंटा. हातातलं धुणं, अर्धं सारवलेलं अंगण टाकून मुली पळत यायच्या. माझ्यासारख्या तास वाजला की वर्गात शिरणाऱ्या बाईला हे सोसायला जड गेलं. पण मग मीही सकाळच्या एसटीने जाऊन सुमनच्या ओसरीवर आरोळीची वाट बघत बसायला शिकले.

तिसरी अडचण अभ्यासाची. घरात मोबाइल एकच, तो वडिलांचा नाहीतर भावाचा, आणि तो त्यांच्या खिशातून बाहेर निघायचा फक्त जेवताना. म्हणून मी गृहपाठ बेतला तो वडिलांच्या जेवणाएवढा. ते पानावर बसले की फोन घ्यायचा, सांगितलेलं करायचं, ते हात धुवायला उठले की ठेवायचा. महिनाभराने एका मुलीचे वडील वर्गाच्या दाराशी येऊन उभे राहिले.

"बाई, तुमी पोरींना सैपाक बी शिकवायलाव का?"

"नाही हो. का बरं?"

"न्हाई, रोज भाकरीवर भाकरी वाढायलीय. पुरे म्हणलं तर म्हणती, आबा, अजून एक, ठेचा नवा केलाय. आन आई म्हणती, पोरगी फोनकडं बघून वाढायलीय. म्हणलं हे काय गौडबंगाल हाय, बाईला इचारावं."

मी खरं ते सांगितलं. ते हसत सुटले आणि जाताना म्हणाले, "मग असं करा, अभ्यास जरा कमी द्या. माझं पोट वाढायलंय."

सुनाही यायच्या, सासूची परवानगी काढून. त्यातली एक नुकती लग्न झालेली. सरावासाठी मी सगळ्यांना अर्ज भरायला लावायचे: नाव, गाव, पतीचं नाव. मी तिला विचारलं, "काय नाव गं मालकांचं?" ती लाजून पदराआड गेली. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही ही तिकडची जुनी रीत. मी म्हटलं, बरं, ती जागा मोकळी सोड. थोड्या वेळाने पाहते तर नाव लिहिलेलं, तेही ठळक अक्षरात, मधोमध.

"हे चालतं वाटतं?"

"तोंडानं घ्यायचं नसतं, बाई. बोटानं चालतं."

हे मी मुद्दाम गमतीचं आधी सांगितलं. सगळंच असं नव्हतं. काही मुली अर्ध्यातून गेल्या. कुणाचं लग्न ठरलं, कुणाचं कुटुंब ऊसतोडीला गेलं. शारदा नावाची एक मुलगी टायपिंगमध्ये माझ्या पुढे गेली होती. एका सोमवारी ती आली नाही आणि पुन्हा कधी आली नाही. सुमन तिच्या घरी जाऊन आली आणि एवढंच म्हणाली, "बाई, तारीख धरली." त्याच्यावर मला काही करता आलं नाही, आणि आजही ती डोळ्यांसमोर आली की करमत नाही. म्हणूनच रेणुकाच्या बाबतीत मी हट्टाला पेटले.

रेणुका खंडूभाऊंची मुलगी. हे कुटुंब मेंढ्या पाळणारं. थोडी कोरडवाहू जमीन आहे, पण पोट कळपावर. दिवाळी झाली की ते घराला कुलूप लावतात, घोड्यावर बिऱ्हाड बांधतात आणि मेंढ्या घेऊन गोदावरीच्या अंगाला, गंगाखेडच्या बाजूला उतरतात. तिथे सोयाबीन निघून मोकळ्या झालेल्या रानात शेतकरी त्यांना मेंढ्या बसवायला बोलावतात. बसवणं म्हणजे रात्रभर कळप त्या रानात ठेवायचा. लेंड्यांचं खत रानाला मिळतं, बदल्यात शेतकरी धान्य देतो. आज या रानात, चार दिवसांनी पुढच्या.

रेणुका दहावी पास होऊन वर्गात आली होती. मोठे डोळे, मोठा आवाज. मेंढ्यांना हाका मारून मारून तिला हळू बोलता येत नसे. पहिल्या पावसाळ्यातच ती इतरांना शिकवायला लागली. माझ्या मनात होतं की माझ्यानंतर हा वर्ग हिने चालवावा. दिवाळी झाल्यावर खंडूभाऊ खोलीच्या दाराशी आले. चप्पल बाहेर काढून, आत न येता म्हणाले,

"बाई, पोरीचं नाव कमी करा. आमी परवा निघायलोत."

"नाव कशाला कमी करायचं? माझा जुना फोन आहे, तो तिच्याजवळ देते. मी फोनवर शिकवीन. रविवारी येईन सुद्धा."

"फोन? कळपात?" त्यांनी मान हलवली. "बाई, तुमाला वाईट नका वाटू देऊ. आमचं पोट शेतकऱ्याच्या राजीखुशीवर हाय. एका गावात बोभाटा झाला की पुढच्या चार गावांत कुणी शिवारात उभं करीत न्हाई. पोरीच्या हातात फोन, त्याच्यावर कोण काय बोललं, कुणी काय दाखिवलं... नगं."

रेणुका मागून म्हणाली, "आबा, मी तर मेंढरांमागंच असणार हाय. फोन नुसता पिशवीत ऱ्हाईल."

"जीभ बघा हिची," खंडूभाऊ मला म्हणाले, पण चेहरा थोडा सैल झाला होता. शेवटी त्यांनी अट घातली. फोन राहील. पण त्या फोनपायी एका जरी शेतकऱ्याशी वाद झाला, तर फोन बाईंना परत, शिकणं बंद, आणि मामाकडून आलेल्या स्थळाला होकार. रेणुकाने माझ्याकडे पाहिलं. मी काही बोलायच्या आत ती म्हणाली, "कबूल."

असा आमचा वर्ग चालायला लागला, म्हणजे अक्षरशः पायांनी. दुपारी मेंढ्या सावलीला बसल्या की रेणुका फोन करायची. फोन चार्ज व्हायचा कुणाच्या तरी विहिरीवरच्या मोटारीच्या खोपीत. रविवारी मी परभणीहून रेल्वेने गंगाखेडला जायचे आणि तिथून पुढे ती कुठे असेल तिथे. कळपाला पत्ता नसतो. ती फोनवरून जागा पाठवायची आणि मी त्या नकाशावरच्या ठिपक्यामागे पऱ्हाट्यांतून, पाटातून, एकदा तर कुणाच्या तरी गोठ्यातून चालत जायचे. तुम्ही म्हणता ना, आजीला मॅप बघता येत नाही? मी त्या नकाशावर मेंढ्या शोधलेल्या आहेत.

त्याच हिवाळ्यात तिला एक काम सापडलं. तुम्हाला समजेल असं सांगते. इथे प्रत्येक शेतकऱ्याच्या जमिनीचा एक सरकारी उतारा असतो, त्याला सातबारा म्हणतात. या हंगामात शेतात कुठलं पीक आहे ते त्यावर चढवावं लागतं. आता ते शेतकऱ्याने स्वतः फोनवरून करायचं असतं, आणि तेही घरी खाटेवर बसून नाही. शेतात उभं राहून पिकाचा फोटो काढायचा, फोनला कळतं की तुम्ही खरंच तिथे आहात की नाही. शिकली-सवरलेली मुलं शहरात, आणि फोन हातात धरून बांधावर उभे वयस्कर शेतकरी. रेणुका तर अशीही रोज नव्या शेतात. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने सहज विचारलं, "ए पोरी, तुला जमतं का गं ह्यातलं?" तिला जमलं. त्याने शेजाऱ्याला सांगितलं.

मी तिला माझी एक पद्धत लावून दिली होती. रानात नेटवर्क येतं-जातं, काम अर्ध्यावर अडकतं. म्हणून आधी साध्या कॅमेऱ्याने शेताचा एक फोटो काढून ठेवायचा, मग सरकारी ॲपमधून दुसरा. साध्या फोटोवर दिवस, वेळ आणि जागा फोन आपोआप नोंदवून ठेवतो, तो आपल्याजवळ राहतो. रेणुका हे न चुकता करायची.

एका रविवारी मी पोचले तेव्हा मेंढ्या किशनराव नावाच्या शेतकऱ्याच्या रानात बसलेल्या होत्या. रेणुकाची आई ठकूबाई तीन दगडांच्या चुलीवर चहा ठेवत होती. रेणुका आणि मी बाभळीखाली बसलो. आदल्या रविवारी मी तिला फोटो कापायला शिकवलं होतं: नको असलेला भाग कडेने काढून टाकायचा. ती त्याच्यावर खूश होती. स्वतःच्या भावाला तिने घरच्या सगळ्या फोटोंतून कापून काढलं होतं.

तेवढ्यात बांधावरून किशनराव आले. धोतराचा सोगा हातात, आवाज आधी, माणूस मागून.

"खंडू! ए खंडू! इमान गहाण टाकलंस का रे? वढ्याकडचा हरभरा पार बोडका केलाय तुझ्या मेंढरांनी! मी जागा दिली, जवारी दिली, आन तू माझंच खायलास?"

खंडूभाऊ उठून उभे राहिले. "मालक, शपथ घेतो. मेंढरं वाघूरात हायेत. रातभर मी जागा."

वाघूर म्हणजे कळपाभोवती लावायचं जाळं.

"मग भूतानं खाल्लं का? चल, गावात चल. चार माणसांत बोलू."

खंडूभाऊंचा चेहरा उतरला. गावात जाणं म्हणजे काय ते मला त्यांनीच दाराशी उभं राहून सांगितलं होतं. ठकूबाई पातेल्याकडे बघायची विसरली, चहा उतू गेला.

रेणुका मात्र फोनात काहीतरी शोधत होती. किशनरावांच्या त्याच हरभऱ्याची नोंद तिने केली होती, कळप त्या रानात पोचला त्या दुपारी. फोटो सापडला. ती तो मोठा करून बघत होती. मी तिच्या खांद्यावरून पाहिलं आणि मला हायसं वाटलं. मागे, ओढ्याच्या कडेने, हरभऱ्याची पट्टी स्पष्ट बोडकी दिसत होती. म्हणजे कळप रानात बसण्याच्या आधीच ती खाल्लेली होती.

मग माझं लक्ष फोटोच्या पुढच्या कोपऱ्याकडे गेलं. तिथे एक पांढरी मेंढी उभी होती. हरभऱ्यात. तोंडातून हिरवे डहाळे लोंबत होते. आणि ती थेट कॅमेऱ्याकडे बघत होती, लग्नातल्या फोटोत बघतात तशी.

"चांदी," रेणुका पुटपुटली.

खंडूभाऊही येऊन वाकले. त्यांनी मेंढी पाहिली आणि दबक्या आवाजात म्हणाले, "पुस. आत्ताच्या आत्ता पुस ते."

"आबा, मागं बघा की, पट्टी आधीच खाल्लेली हाय. हेच तर दाखवायचं हाय."

"आन ही दिसत न्हाई का? पुस म्हणलं ना!"

पुसला तर पुरावा गेला. दाखवला तर चांदी दिसणार. आणि तिसरी वाट तिच्या बोटाखालीच होती. कोपरा कापून टाकायचा, चांदी गेली, पट्टी राहिली, कुणाला कळणारही नाही. मीच शिकवलेलं. रेणुकाचं बोट त्या कोपऱ्याशी जाऊन थांबलं. तिने माझ्याकडे पाहिलं. शाळेत असते तर मी काय म्हटलं असतं ते मला पाठ आहे. पण समोर तिचं शिकणं, तिचं लग्न आणि तिच्या बापाची भाकरी होती, आणि माझ्या तोंडून शब्द फुटला नाही.

"काय कुजबूज लावलीय?" किशनराव ओरडले.

रेणुकाने बोट उचललं. फोटो होता तसा ठेवला, उठली आणि फोन त्यांच्यासमोर धरला. हळू बोलता येत नाही हे मी सांगितलंच आहे. तिचा आवाज ओढ्यापलीकडे गेला असेल.

"मालक, हा तुमच्या हरभऱ्याचा फोटू. आमी आलो त्याच दिवशीचा. खाली बघा, वार, येळ, सगळं हाय. ही म्होरं उभी हाय ती आमची मेंढी. चांदी नाव तिचं. तिनं तोंड मारलंय, ते खरं हाय. मी हाकलली तिला, पर घास तिनं खाल्ला. आता मागं बघा, वढ्याकडं."

किशनरावांनी फोन हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला. रेणुकाने दोन बोटांनी फोटो मोठा करून दिला. ते बराच वेळ बघत होते. मग ओढ्याकडे निघाले. आम्ही सगळे मागे. तिथल्या ओलसर मातीत मोठे, दुभंगलेले खूर उमटले होते. मेंढीच्या खुरांच्या दुप्पट.

"रोही," खंडूभाऊ म्हणाले. रोही म्हणजे नीलगाय. आमच्याकडे त्यांचे कळप पिकात उतरतात.

किशनराव मातीकडे बघत राहिले. राग ओसरलेल्या माणसाला कुठे बघावं ते कळत नाही. मग त्यांना फोटो पुन्हा आठवला. "पर ही तुमची बया तर खायलीच हाय की! आन बघायली बी कशी, जसं म्या जेवायला बोलावलंय!"

"चुकलं, मालक," खंडूभाऊ म्हणाले. "तिच्या घासापायी एक रात जास्त बसवतो. धान्य नगं."

"एक? दोन बसव. लय मोठा घास हाय तो."

"दोन बसवतो."

"आन पोरी," किशनरावांना एकदम धास्ती वाटली, "हाच फोटू सरकारला गेला का? मेंढीसगट?"

"न्हाई मालक, सरकारचा येगळा हाय. त्यात निस्ता हरभरा."

"बरं झालं बाई. न्हाईतर सातबाऱ्यावर मेंढी चढली असती."

पहिल्यांदा ठकूबाई हसली, तोंडाला पदर लावून. मग आम्ही सगळेच. किशनराव चहाला थांबले. उतू गेलेल्यातला जो उरला होता तो. चहा पिता पिता त्यांनी विचारलं की रोह्यांनी केलेल्या नुकसानीचा अर्ज फोनवरून होतो का. रेणुका म्हणाली, होतो की, चला पुन्हा ओढ्याकडे, खुरांचा फोटो घेऊ.

मला मात्र अजून धाकधूक होती. वाद तर झालाच होता, आणि अट अट होती. निघताना मी पर्समध्ये फोनसाठी जागा करून ठेवली आणि खंडूभाऊंना विचारलं, "मग, फोन परत नेऊ का?"

ते घोड्याची दोरी सोडवत होते. वर न बघता म्हणाले, "कामून?"

"तुमची अट होती. फोनपायी वाद झाला तर..."

"फोनपायी कुठं? वाद रोह्यापायी झाला." मग दोरी हाताला गुंडाळत, "मी पुस म्हणलं होतं, बाई. तिनं पुसलं असतं तर मी आयुष्यभर किशनरावच्या नजरेत चोर ऱ्हायलो असतो. ऱ्हाऊ द्या फोन तिच्याकडं. आन मामाला मी सांगतो, पोरगी सध्या कामात हाय."

पुढच्या रविवारी मी ठिपक्यामागे चालत नव्या शिवारात पोचले, तर बांधावर खंडूभाऊ एका अनोळखी शेतकऱ्याशी मेंढ्या बसवण्याचं बोलत होते. मी झाडाआड उभी राहून ऐकलं. "मालक, खत तर मिळंलच," ते म्हणत होते, "पर आमची पोरगी पीक बी चढवून देती. फोनवर. लय हुशार हाय." चेहरा असा गंभीर, जणू ही कल्पना पहिल्यापासून त्यांचीच होती.

रेणुका पुढच्या पावसाळ्यात वर्गात परतली ती शिकायला नाही, शिकवायला. तिला शिकवताना ऐकणं हा एक प्रकार आहे. शेजारच्या शाळेतल्या गुरुजींनी खिडक्या लावून घ्यायची विनंती केली होती. फोटो कापायचा धडा ती आजही घेते, आणि मुलींना हरभऱ्याची गोष्ट सांगते. तिच्या सांगण्यात मी त्या वेळी ठामपणे "खरं तेच दाखव" म्हणाले असं आहे. मी तिला दोनदा दुरुस्त केलं. ती म्हणाली, "बाई, तुमी बोलला न्हाईत, पर मला ऐकू आलं." तेव्हापासून मी तो विषय सोडला.

आता काय उरलं आहे ते सरळ सांगते. जुन्या कॉम्प्युटरपैकी दोन चालू आहेत, बाकीचे सुटे भाग काढायला वापरतात. माझ्या काळातल्या बहुतेक मुली सासरी गेल्या. काही फोन करतात, शारदाचा नाही आला. मी घालून दिलेले बरेच नियम मुलींनी गुंडाळून ठेवले. खंडूभाऊंचा कळप आहे, थोडा लहान झालेला. दिवाळीनंतर रेणुका त्याच्याबरोबर गोदाकाठी उतरते आणि तिथून फोनवर वर्ग घेते. तेवढे महिने खोली सुमन उघडते. लग्नाचं आपलं आपण बघू असं रेणुकाने मामाला कळवलं आहे. वर्ग भरतो. शिकवते रेणुका.

तुमची आजी